दुखण्याचं नाव आपल्या बोलीत

आपल्या घराघरांत दुखण्यांची एक वेगळीच भाषा असते, नाही का? 'अंग मोडून आलंय', 'पोटात कालवतंय', 'डोळ्यांपुढं अंधारी आली', 'जिवाला चैन नाही', 'अंगावरून जातंय'. सासूबाईंनी नुसतं 'आज पाय वळतायत गं' म्हटलं, की कुठं, केव्हापासून आणि किती, हे आपल्याला न विचारता कळतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ही भाषा सापडायची नाही. आणि दवाखान्याच्या भिंतीवरची भाषा पाहावी तर ती तिसरीच. 'अतिसार', 'निर्जलीकरण', 'रक्ताल्पता', 'संतुलित आहार'. शब्द शुद्ध आहेत, मराठीही आहेत; पण वाचणारीला त्यात आपल्याच घरातलं दुखणं ओळखू येत नाही.

मी अर्धवेळ शिक्षिका. शाळेत माता-पालकांची सभा असली की बायकांना बोलवायचं, बसवायचं, चहा द्यायचा हे काम हमखास माझ्याकडं येतं. एका पावसाळ्याच्या तोंडावर सभेत एक छापील तक्ता वाचून दाखवला गेला. अतिसार म्हणजे काय, निर्जलीकरणाची लक्षणं कोणती, वगैरे. साऱ्याजणी माना डोलावत होत्या. वाचन संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "ते समदं खरं हाय बाई, पर लेकराला हगवण लागल्यावर काय करावं ते सांगा की!"

सगळ्या हसल्या. तक्ता हगवणीचाच होता! पण हसू ओसरल्यावर मनात आलं, माना तर सगळ्यांच्याच डोलत होत्या. आजींनी तोंड उघडलं म्हणून कळलं. न उघडणाऱ्या किती असतील?

मैत्रिणींनो, आरोग्याचं शिक्षण इथंच अडतं. बाई अडाणी असते म्हणून नव्हे. तिच्याकडं दुखण्याला नाव असतं, त्यावरचा समज असतो, उपायही असतो. सांगणारा मात्र तिचं नाव न विचारता आपलंच नाव सांगून मोकळा होतो.

त्यात आपला धाराशिव जिल्हा म्हणजे बोलींचं गाठोडं. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. सरकारी कारभार उर्दूत चालायचा. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण जुन्या माणसांच्या बोलण्यात त्या काळाच्या खुणा अजून आहेत. नळदुर्ग, परंड्याकडं घराघरांत दखनी बोलली जाते. उमरगा, मुरूमच्या पुढं गेलं की कर्नाटक लागतं. तिकडच्या कितीतरी सुनांचं माहेर कानडी. तांड्यांवर बंजारा बायका आईला 'याडी' म्हणतात आणि आपसांत गोरबोलीतच बोलतात. आणि आपली मराठवाडी मराठी तरी पुस्तकातल्या मराठीसारखी कुठं असते?

शब्द कसा घोटाळा करतो पाहा. आमच्या शेजारच्या खालांच्या सुनेला दिवस गेलेले. दवाखान्यातून आल्या आल्या खाला दारातूनच म्हणाल्या, "बहू का खून कम है बोलके बोले डॉक्टर." माझा धाकटा तिथंच खेळत होता. तो घाबरून मला बिलगला, "आई, कुणाचा खून झाला?" त्याच्या मराठीत खून म्हणजे खून, खालांच्या बोलीत खून म्हणजे रक्त! आम्ही दोघी हसून बेजार झालो. पण त्या गोष्टीत हसण्यासारखं फारसं नव्हतं. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणं महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त.

खालांच्या सुनेला लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या, पण डब्यात तशाच पडून होत्या. का? तर दोन गोळ्या घेतल्यावर शौचाला काळं झालं आणि ती घाबरली. शिवाय कुणीतरी सांगितलं होतं की या गोळ्यांनी मूल काळं होतं. आणि वर रमजान तोंडावर आलेला. 'लोहयुक्त गोळ्या नियमित घ्या' असा सल्ला तिला मिळाला होता. मनातले तीन प्रश्न मात्र कुणी विचारले नव्हते. आशाताई घरी आल्या तेव्हा हे तिन्ही प्रश्न निघाले. काळं होतं ते गोळीतल्या लोहामुळं, त्यात भिण्यासारखं काही नाही. मुलाच्या रंगाचा गोळीशी काही संबंध नाही. आणि रोज्याचं म्हणाल, तर गरोदर बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची काळजी असेल तर रोजे नंतर करायची धर्मातच सवलत आहे, हे खालांना आमच्याहून चांगलं ठाऊक होतं. तरीही एखादा दिवस धरलाच, तर गोळी रात्री जेवणानंतर घेता येते, एवढंच त्यांना कुणी सांगायला हवं होतं. सांगितलं, आणि डबा रिकामा होऊ लागला.

आता जुन्या गोष्टी आठवून पाहा. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी 'देवी' हा रोग होता. रोगालाच देवीचं नाव. घरात देवी आल्या की कडुलिंबाचा पाला बांधायचा, मोठ्यानं बोलायचं नाही. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली. पुढं ती लस गावोगाव पोचली, तेव्हा आपल्या लोकांनी तिलाही नाव दिलं ते 'देवी काढणं'. तुळजाभवानीच्या मुलखात हे नाव परकं कसं वाटेल? माणसाची श्रद्धा तिच्या जागी राहिली आणि दंडावर लसही टोचली गेली. १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रोगी सापडला आणि १९८० मध्ये सारं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

दुसरी गोष्ट नारूची. बारवेत उतरून पाणी भरायचं, नारू झालेल्याचे पाय त्याच पाण्यात बुडायचे आणि नारूची पिल्लं पाण्यात सुटायची. त्यावर गोळी नव्हती, लसही नव्हती. होता तो उपाय बाईच्या हातातला. पाणी दुहेरी फडक्यानं गाळून भरायचं, आणि पायऱ्यांच्या विहिरीत न उतरता वरून पोहऱ्यानं पाणी काढायचं. लुगड्याच्या पदरानं पाणी गाळणं बायकांना नवीन नव्हतं. ते का करायचं, एवढंच नवीन होतं. १९९६ मध्ये राजस्थानात देशातला शेवटचा रोगी आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. आपल्या मुलांना आज 'नारू' हा शब्दही ठाऊक नाही, याहून मोठं यश ते कोणतं?

उलट करोनाच्या वेळचं आठवा. २०२० मध्ये 'विलगीकरण' आणि 'अलगीकरण' यांतला फरक भल्याभल्यांना कळेना. आणि 'सामाजिक अंतर पाळा' अशा पाट्या लागल्या. ज्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या शिवाशिव सोसली, त्याला 'सामाजिक अंतर' हा शब्द कानाला कसा लागला असेल? 'दोन हात लांब उभे राहा' म्हटलं असतं तर कुणाला टोचलं नसतं आणि समजलंही असतं.

हे ज्यांना आधीच उमगलं ते डॉक्टर आपल्या अगदी शेजारचे. भूम-परंड्याला लागूनच जामखेड आहे. तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात आणि गावातल्या बायका त्यांच्याशी मोकळ्या होईनात. तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना सहीसुद्धा येत नव्हती. पण गरोदर सुनेला सासू का कमी जेवू घालते, हे त्यांना ठाऊक होतं. बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल, ही ती भीती. शेजारणीनंच शेजारणीला समजावलं, तेव्हा ताटातली भाकरी वाढली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननंही याच वाटेनं गावोगावच्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. आणि २००५ पासून देशभर आल्या त्या आपल्या आशाताई. त्यांची पाळंमुळं अशाच कामांत आहेत.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. दवाखान्यात का येत नाही, असं त्यांनी आदिवासींनाच विचारलं. उत्तर काय आलं? दवाखान्यात सारे पांढऱ्या कपड्यांतले, आणि आम्ही पांढरं गुंडाळतो ते मेलेल्या माणसाला. नातेवाइकांना राहायला जागा नाही, आणि देवही नाही. मग दवाखाना बांधला तो त्यांच्या गावासारखा, झोपड्यांचा, आणि नाव दिलं 'माँ दंतेश्वरी दवाखाना', त्यांच्या देवीचं. इमारतीलाही बोली असते म्हणायची!

याच डॉ. राणी बंगांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती पाहणी छापून आली. शंभरात ९२ जणींना स्त्रियांच्या आजारांपैकी काही ना काही होतं, आणि आधी कधी त्यासाठी तपासून घेतलेल्या होत्या फक्त ८. बाकीच्या गप्प होत्या. कारण सांगायचं कसं आणि कुणाला?

इथंच मला फार दिवस मनात घोळत असलेली गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडं गर्भाशयाला सर्रास 'पिशवी' म्हणतात. सोपा शब्द आहे, सगळ्यांना कळतो. पण आमच्याकडं भांड्याला येणारी बाई एक दिवस पदरानं डोळे पुसत म्हणाली, "ताई, आठ दिस येनार न्हाई. पिशवी काढायचीय. खराब झालीय म्हन्ले डाक्टर, कॅन्सर हुईल म्हन्ले. लेकरं झाली की आता, पिशवीचं काय काम?"

तिचं वय बत्तीस. दरवर्षी दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला जातात. एक कोयता म्हणजे एक जोडी. उचल आधीच घेतलेली. मी विचारलं, "तुला नेमकं होतंय काय?" बराच वेळ खाली बघून तिनं सांगितलं. अंगावरून पांढरं जातं, खाज येते, कंबर दुखते. बस, एवढंच. तपासणीचा कागद नाही, सोनोग्राफी नाही.

पिशवी! हा शब्दच बघा ना. बाजारातून आणलेली भाजी काढून घेतली की पिशवी टाकूनच देतो आपण. मूल झालं की पिशवी रिकामी आणि फाटकी पिशवी उकिरड्यावर. आपल्या भाषेत याच अवयवाला 'कूस' असाही शब्द आहे. 'कूस उजवली' म्हणतो आपण. 'कूस काढून टाका' असं कुणी म्हणालं असतं तर बाई क्षणभर थांबली असती. म्हणून मला वाटतं, बाईच्या बोलीतला शब्द नुसता उचलून चालत नाही. त्या शब्दानं तिला शहाणं करता येतं, तसंच फसवताही येतं.

हे काही एकटीचं दुखणं नव्हे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं शेजारच्या बीड जिल्ह्यातले आकडे आले. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. आपल्या कळंब, वाशी, भूम भागातूनही अशाच जोड्या फडावर जातात.

आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी तिचं सगळं ऐकून घेतलं, तपासलं आणि तिच्याच शब्दांत सांगितलं, "पिशवी चांगली आहे तुझी. जंतू झालेत, गोळ्यांनी जातील. पण गोळ्या मालकांनाही घ्याव्या लागतील." आता मालक कुठले ऐकायला! "मला काय धाड भरलीय?" हे त्यांचं उत्तर. शेवटी आशाताईंनी त्यांना शेतकऱ्याच्या भाषेत विचारलं, "भाऊ, एका वाफ्यातलं तण काढलं आन् शेजारच्या वाफ्यात तसंच ठेवलं, तर रान स्वच्छ राहील का?" ते काही बोलले नाहीत, पण गोळ्या घेतल्या. ती बाई त्या वर्षी पिशवीसकट फडावर गेली. तिथलं पाणी, तिथला आडोसा, पाळीच्या दिवसांतलं काम हे सगळं तसंच आहे, त्यामुळं दुखणं पुन्हा येऊ शकतं. पण आता त्यावर गोळी असते, हे तिला ठाऊक आहे.

यावर कुणी म्हणेल, शस्त्रक्रिया कधी करूच नये का? तसं नाही. मोठ्या गाठी, कर्करोग, 'अंग बाहेर येणं' अशा काही दुखण्यांत ती करावी लागते. पण आधी आपण विचारायचं. कशासाठी? औषधानं होणार नाही का? तपासणीचा कागद कुठं आहे? दोन्ही बाजूंची अंडाशयं ठेवणार की काढणार? तरुण वयात तीही काढली तर पाळी जाण्याचा त्रास एकदम अंगावर येतो, हाडं ठिसूळ होतात. आणि घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं. मात्र पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तर लाजून घरी बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

आपण गावातल्या, चार इयत्ता शिकलेल्या बायका यात काय करू शकतो? पुष्कळ. बांगलादेशात १९८० नंतर 'ब्रॅक' या संस्थेच्या बायका घरोघर जाऊन आयांना हगवणीवरचं पाणी करायला शिकवत. माप काय? तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. वजनकाटा नाही, चमचा नाही. नंतर दुसरी माणसं जाऊन पाहत, आईच्या लक्षात किती राहिलं. जितकं लक्षात, तितका शिकवणारीला मेहनताना! किती शहाणपणाची गोष्ट. नुसत्या माना डोलावण्याला पैसे नाहीत.

आपल्याकडं जलसंजीवनीची पुडी मिळते. ती मोठी असेल तर पुरी एक लिटर पाण्यात घालायची. पण 'एक लिटर' म्हणजे किती? घराघरांतले तांबे वेगळे. म्हणून बाटलीनं मोजून त्या घरच्याच तांब्यावर खूण करून द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कानडी माहेरच्या सुनेला उप्पु, सक्करे, नीरु म्हणा, खालांना नमक, शक्कर, पानी म्हणा. आणि 'पाणी पाजलं की जुलाब वाढतात' हा समज आधी बोलून घ्या, नाहीतर पुडी फडताळात राहील. लेकरू मलूल झालं, पाणी पिईना किंवा शौचातून रक्त पडलं, तर घरी थांबू नका.

आहाराचंही तेच. तक्त्यावर सफरचंद असतं. आपल्या येळवशीची भज्जी कुणी काढत नाही! मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला शेतात जी भज्जी करतो, तीत हिरव्या पालेभाज्या असतात, तूर, वाटाणे, हरभरा असतो, शेंगदाणे असतात. सोबत बाजरीचे उंडे आणि आंबील. याहून संतुलित आहार कोणता? 'येळवशीला खाता तसं आठवड्यातून दोनदा खा, वर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका' एवढं सांगितलं की रक्तवाढीचा अर्धा धडा झाला. तांड्यावर सांगायचं असेल तर तिथल्याच एखाद्या याडीला आधी समजावून द्या. पुढं होळीच्या लेंगीतसुद्धा ते बसवतील त्या!

सांगून झाल्यावर 'कळलं का?' असं विचारू नका. त्याला उत्तर एकच येतं, हो. त्याऐवजी विचारा, "घरी गेल्यावर जाऊबाईंना काय सांगशील?" ती जे सांगेल तेवढंच तिला पोचलं असं समजा. आणि तिच्या सांगण्यात एखादा नवा शब्द आला, तर तो लिहून ठेवा. मी एक वही केली आहे. मुलींनाच सांगितलंय, आजीला, शेजारणीला विचारून दुखण्यांची नावं आणा. आतापर्यंत दोनशेच्या वर शब्द जमले. पुढच्या आठवड्यात ती वही उपकेंद्रातल्या नव्या सिस्टरना द्यायची आहे. त्या बाहेरगावच्या आहेत, त्यांना लागेल.